तपासणी होते, तिची नोंद कोण वाचतो? : तेलवाहिन्यांच्या सुरक्षा-अभ्यासाची प्रस्तावना

मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून उत्तरेकडे निघालेली भारत पेट्रोलियमची वाहिनी खानदेश आडवा कापत, तापी ओलांडून, सातपुडा चढून इंदूरजवळच्या मांगल्याला पोहोचते आणि तिथून दिल्लीच्या वेशीवरच्या बिजवासनपर्यंत जाते. मुंबई–मनमाड हा तिचा पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. मुंबईच्या रिफायनरीत तयार झालेले पेट्रोल-डिझेल तिच्यातून वाहते. वर कपाशी असते, मका असतो, कुठे नाला असतो. वाहिनीची खूण म्हणून दिसतो तो काही अंतरावर उभा असलेला इशारा-खांब. अशी वाहिनी सुरक्षित आहे हे कोण ठरवतो, कशाच्या आधारे ठरवतो आणि नियम मोडला तर काय होते, हा या ग्रंथाचा विषय आहे.

हा विषय अभियंत्यांचा आहे असे समजून कायद्याचे विद्यार्थी त्याच्या वाटेला जात नाहीत. कायद्याचा आहे असे समजून अभियंते तो शेवटच्या प्रकरणात उरकतात. भूगोल, शेती आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना तर तो आपलाही आहे हे कुणी सांगितलेलेच नसते. या सगळ्यांनाच इथे आमंत्रण आहे. पूर्वतयारी फारशी लागत नाही. सातबारा वाचता येणे आणि नियमाचे कलम न घाबरता दोनदा वाचण्याची तयारी असणे, एवढे पुरे.

आधी व्याप्तीबद्दल. जगभरात या शाखेची वाढ कच्च्या तेलाच्या वाहिन्यांभोवती झाली. महाराष्ट्रात कच्चे तेल वाहते ते मुख्यतः मुंबई हायपासून समुद्रतळावरून उरणला आणि तिथून ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे. 2011 च्या जानेवारीत याच मुंबई–उरण वाहिनीला गळती लागली होती. खानदेशातली वाहिनी तयार इंधनाची आहे. पण 1934 चा पेट्रोलियम कायदा कच्चे आणि तयार असा भेद सुरक्षेच्या पायाशी ठेवत नाही. तो पाहतो ते द्रव किती तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. त्यावरून अ, ब, क असे वर्ग पडतात आणि पेट्रोल सर्वांत धोक्याच्या ‘अ’ वर्गात बसते. म्हणून धुळ्या-जळगावच्या अभ्यासकाने आपल्याकडे कच्चे तेल नाही म्हणून हा विषय सोडण्याचे कारण नाही.

तपासणीचे तंत्र समजून घेण्यासाठी वाहिनी कशाने बिघडते ते पाहावे लागते. तिचे दोन मोठे शत्रू आहेत : गंज आणि खोदकाम. खानदेशाच्या जमिनीत दोघांनाही अनुकूल परिस्थिती आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने पोलादी नळावरच्या आवरणावर ताण येतो. ओली काळी माती विजेची चांगली वाहक असल्याने, आवरण जिथे सोलवटले तिथे गंजाची रासायनिक क्रिया वेग घेते. त्यावर उपाय म्हणून नळाला बाहेरून अल्प विद्युतप्रवाह देऊन त्याचे विभव ऋण बाजूला ढकलून ठेवतात. यालाच कॅथोडिक संरक्षण म्हणतात. तांबे–कॉपर सल्फेट विद्युतअग्राच्या तुलनेत उणे 0.85 व्होल्ट ही सर्वमान्य कसोटी आहे. वाहिनीवरच्या चाचणी-खांबांवर हे आकडे घेतले जातात. धुळ्याला 765 केव्हीचे उपकेंद्र आहे. अशा अतिउच्च दाबाच्या तारा वाहिनीला समांतर गेल्या तर नळात प्रवाह उत्पन्न होऊ शकतो, म्हणून त्याची वेगळी मोजणी करावी लागते. याखेरीज नळाच्या आतून ‘पिग’ नावाचे उपकरण सोडतात. साधा पिग नळ साफ करतो. चुंबकीय संवेदक बसवलेला ‘इंटेलिजंट पिग’ भिंतीची झीज कुठे आणि किती झाली याची मीटरगणिक नोंद आणतो.

खोदकामाची गोष्ट वेगळी आहे. शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याचे जे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेले. पुढे जलयुक्त शिवारने नाला खोलीकरण गावोगाव नेले. दुष्काळी मुलखासाठी हे पुण्याचे काम आहे. पण वाहिनी नाला ओलांडते तिथे तिच्यावर किती माती राखायची, हे मानकाने ठरलेले असते आणि खोलीकरणात नेमका तोच थर उपसला जातो. केळीच्या बागेसाठी ठिबकची मुख्य नळी टाकताना, विहीर खणताना, शेतरस्ता करताना जेसीबी जमिनीत कुठे तोंड घालतो, हा वाहिनीच्या सुरक्षेचा प्रश्न होतो. जमिनीखालच्या वाहिन्या आणि तारा खोदण्यापूर्वी कळाव्यात म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. अशा साधनाची खरी परीक्षा ग्रामपंचायतीच्या कामावर असते. तिथे आराखडा एका कार्यालयात मंजूर होतो आणि यंत्र भाड्याने दुसरीकडून येते.

आता अंमलबजावणीकडे. नवख्या वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच, कारण अधिकार एका जागी नाहीत. सर्वांत जुनी संस्था आपल्या राज्यातच आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा, म्हणजे ‘पेसो’चा, उगम 1898 मधल्या स्फोटके विभागात आहे. पेट्रोलियम नियम 2002 खाली वाहिन्यांसंबंधीच्या मंजुऱ्या तिच्या कक्षेत येतात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1986 मध्ये, पेट्रोलियम मंत्रालयाखाली तेल उद्योग सुरक्षा संचालनालय उभे राहिले. वाहिन्यांची रचना, बांधणी आणि तपासणी यांसाठीचे 141 क्रमांकाचे मानक आणि जमिनीवरील वाहिन्यांच्या तपासणीचे 138 क्रमांकाचे मानक ही त्याची देणगी. पुढे 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले. पेट्रोलियम वाहिन्यांसाठीची त्याची तांत्रिक व सुरक्षा मानके 2016 ची आहेत. या कायद्याच्या कलम 28 नुसार मंडळ प्रत्येक उल्लंघनासाठी एक कोटी रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिले तर दर दिवसाला दहा लाखांपर्यंत दिवाणी दंड करू शकते. शिवाय रासायनिक अपघातांविषयीच्या 1996 च्या नियमांनी जिल्हा संकट गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले आहे. वाहिनीला भोक पाडून तेल चोरले तर प्रकरण पोलिसांकडे जाते.

जमिनीच्या बाजूचा कायदा स्वतंत्र आहे. 1962 चा पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्या (जमिनीतील वापर-हक्काचे संपादन) कायदा जमीन घेत नाही, तिच्या वापराचा हक्क घेतो. अधिसूचनेनंतर 21 दिवसांत हरकत नोंदवता येते. पिकाच्या आणि इतर नुकसानीशिवाय, जमिनीच्या बाजारमूल्याच्या 10 टक्के इतकी भरपाई या हक्कापोटी मिळते. त्यानंतर शेतकरी पूर्वीसारखी शेती करू शकतो. पण त्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, विहीर-तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. मालकी शेतकऱ्याची राहते आणि बंधन पिढ्यानपिढ्या चालते. वाटणी झाली, जमीन विकली गेली, की नव्या मालकाला हे बंधन ठाऊक असेलच असे नाही. 2011 च्या दुरुस्तीने वाहिनीच्या नुकसानीसाठीच्या शिक्षा फार कडक केल्या. घातपाताच्या हेतूने केलेल्या गंभीर कृत्याला जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंतची तरतूद झाली.

हे सगळे एकत्र वाचले की या शाखेतला मध्यवर्ती वाद समोर येतो. बाहेरच्या माणसाने वाहिनीला इजा केली तर कायद्याचा हात लांब आहे. कंपनीने तपासणीत ढिलाई केली तर तोच हात कुठे पोहोचतो, हे शोधावे लागते. पिग कंपनी सोडते, विभवाचे आकडे कंपनी घेते, आपत्ती आराखडा कंपनी लिहिते. नियामक मंडळ मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थांकडून पडताळणी करवून घेते. यात गैर काही नाही. हजारो किलोमीटरचा नळ सरकारी निरीक्षकांनी स्वतः तपासावा, अशी व्यवस्था चालवणे कुठल्याच देशाला झेपणारे नाही. प्रश्न असा की कंपनीच्या नोंदीकडे बाहेरचा कोण, किती वेळा आणि कोणत्या अधिकाराने पाहतो.

दोन दुर्घटना या प्रश्नाचे वजन दाखवतात. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम गावी, गेलची वायुवाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या नळातून पाणी आणि द्रवमिश्रित वायू वाहत होता, त्याने नळ आतून कुरतडला गेला, असे चौकशीत निघाले. नियम होते, मानके होती, कार्यालयेही होती. वाहिनीत प्रत्यक्ष काय वाहते आहे याची माहिती आणि ती थांबवण्याचा अधिकार, या दोन गोष्टी वेळेत एकत्र आल्या नाहीत.

दुसरी घटना अमेरिकेतली. 25 जुलै 2010 रोजी मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. ती पूर्णपणे बंद होऊन गळती ओळखली जायला 17 तास लागले. दरम्यान नियंत्रण कक्षाने पंप दोनदा पुन्हा सुरू केले. तेल कॅलमझू नदीत उतरले. अमेरिकेत संवेदनशील भागातल्या वाहिन्यांची आतून तपासणी साधारण पाच वर्षांनी करावी लागते आणि तशी ती झालीही होती. 2005 च्या तपासणीत नळातले तडे नोंदले गेले होते. म्हणजे उपकरण चुकले नव्हते. नोंदीचा अर्थ लावण्यात कंपनी चुकली आणि राष्ट्रीय चौकशी मंडळाने नियामकाच्या ढिल्या नियमांवरही ठपका ठेवला. तिथला नियामक आपल्या नोटिसा, आदेश आणि दंड जनतेसाठी प्रसिद्ध करतो. हे घेण्याजोगे आहे. पण मार्शलचा धडा त्याच्याही पुढे जातो. प्रसिद्ध झालेला कागद कुणीतरी जाणत्या नजरेने वाचून त्यावर प्रश्न विचारला, तरच तपासणीला अंमलबजावणीचे बळ येते. या ग्रंथाची भूमिका तीच आहे.

आपल्याकडे त्यासाठी लागणारे हत्यार आहे. भारत पेट्रोलियम सरकारी कंपनी आहे. पेसो, सुरक्षा संचालनालय, नियामक मंडळ आणि जिल्हाधिकारी कार्यालय ही सगळी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखालची सार्वजनिक प्राधिकरणे आहेत. याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही : वाहिनीचा तपशीलवार नकाशा आणि दुबळ्या जागांची यादी बाहेर गेली तर चोर आणि घातपाती यांचेच फावेल. म्हणून काय उघड करावे याची रेषा अभ्यासकाने विचारपूर्वक आखावी. झडपेचे नेमके ठिकाण झाकलेले राहू शकते. मात्र शेवटची पडताळणी कधी झाली, किती त्रुटी निघाल्या, किती दुरुस्त झाल्या, दंड झाला का, हे आकडे झाकण्यात कुणाची सुरक्षा होते हे सांगणे अवघड आहे.

खानदेशातल्या संशोधकासाठी इथे ताजे काम भरपूर आहे. नाला खोलीकरणाची ठिकाणे आणि वाहिनीचे ओलांडण-बिंदू एकमेकांशी ताडून पाहता येतील. वापर-हक्काची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात आजही टिकली आहे का, वाटणीनंतर पुसली गेली का, हे तलाठी कार्यालयातल्या फेरफारांवरून शोधता येईल. धुळे शहराला तापीचे पाणी येते आणि तीच नदी पुढे उकाईमार्गे सुरतेला जाते. तेव्हा नदीत गळती झाली तर पाणीपुरवठा विभागाला कोण कळवणार, किती वेळात, गुजरातला निरोप कोणत्या वाटेने जाणार, हे जिल्ह्याच्या आराखड्यात आहे का, हे तपासता येईल. या आराखड्याची रंगीत तालीम झाली तेव्हा वाहिनीलगतच्या शेतकऱ्याला आणि सालगड्याला बोलावले होते का, गळतीचा वास आला तर फोन कुठे करायचा हे त्यांना त्यांच्या अहिराणीत कुणी सांगितले का, हेही संशोधनाचेच प्रश्न आहेत. वाहिनीवर रोज फिरणारा लाइन वॉकर काय पाहतो, काय लिहितो आणि त्याच्या वहीचे पुढे काय होते, यावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने आहे : आधी माती आणि नळ, मग तपासणीचे तंत्र, मग कायदा आणि कार्यालये, शेवटी दुर्घटनांचे चौकशी-वृत्तान्त. विधी शाखेच्या वाचकाने कॅथोडिक संरक्षणाचे प्रकरण टाळू नये. उणे 0.85 चा अर्थ माहीत नसलेला वकील त्या नोंदीची उलटतपासणी करू शकत नाही. अभियांत्रिकीच्या वाचकाने 1962 चा कायदा मुळातून वाचावा, कारण ज्या पट्ट्यात तो काम करणार आहे तो पट्टा कुणाचे तरी शेत आहे. वाचनाला सुरुवात करतानाच आपल्या तालुक्यातल्या एखाद्या वाहिनीची वापर-हक्काची अधिसूचना, एक सातबारा आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा मिळवून हाताशी ठेवावा. प्रत्येक प्रकरण त्या तीन कागदांवर तपासून पाहता येईल, आणि जिथे प्रकरण व कागद जुळणार नाहीत तिथे पहिला माहिती अर्ज लिहायला घ्यावा.