गारांचा कौल

पुण्याच्या उन्हाळ्याला एक खोड आहे. चैत्र-वैशाखात दुपारी तीन-साडेतीनपर्यंत ऊन रणरणत असते, झाडाचे पान हलत नाही. मग हडपसरच्या बाजूने काळे ढग चढू लागतात, धुळीचा एक लोट रस्त्यावरून सैरावैरा धावतो आणि घटकाभरात वळीव कोसळतो. कधी कधी त्या पावसात टपटप असा निराळाच आवाज मिसळतो. मुले ओंजळी पसरून अंगणात धावतात. घरधनी मात्र छपराकडे बघत उभा राहतो. गार एकच, पण तिच्याकडे पाहणाऱ्या दोन नजरा अशा वेगळ्या.

घरधन्याच्या या नजरेत एक जुना प्रश्न दडलेला आहे. घरावर घालावे ते कौल की पत्रा? सिमेंटच्या गच्चीखाली राहणाऱ्यांना तो आता सुचणार नाही. पण पुण्याच्या पेठांतले उरलेसुरले वाडे, मावळातली गावे, मराठवाड्यातल्या वस्त्या आणि शहराच्या कडेकडेने वाढलेल्या चाळी यांतून तो अजून विचारला जातो. त्याचे उत्तर माणसांनी वेळोवेळी का बदलले, हा इतिहास राजांच्या आणि लढायांच्या इतिहासाइतका गाजलेला नाही. पण तो प्रत्येकाच्या डोक्यावरचा आहे.

आधी गारेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात आणि तेथल्या थंडीत पाण्याचे थेंब गोठतात. गोठलेल्या कणाला वर चढणारा वारा खाली पडू देत नाही. पाण्याचे थर त्यावर गोठत जातात आणि वाऱ्याला वजन पेलवेनासे झाले म्हणजे तो सुटतो. बोराएवढी गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. लिंबाएवढीचा शंभराच्या घरात जातो. यातले गणित मोठे निष्ठुर आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते आणि वेगही वाढतो. त्यामुळे तिच्या अंगातली आघाताची शक्ती सुमारे सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारेचे आपण कौतुक करतो आणि लिंबाएवढीला भितो, ते उगीच नव्हे. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावल्याची नोंद आहे.

या संकटापुढे माणसाने आधी देवाला हाक मारली. नागपूर-वऱ्हाडाकडच्या गावांत गारपगारी म्हणून एक जमातच होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिची माहिती आहे. आभाळ भरून आले की गारपगाऱ्याने मारुतीला साकडे घालायचे आणि पिकांवरची गार टाळायची. गावाने त्याबद्दल त्याला धान्य द्यायचे. आपण याला हसू नये. ज्या काळात पिकाचा विमा नव्हता, त्या काळात निदान कोणीतरी आपल्या वतीने आभाळाकडे डोळे लावून बसला आहे, एवढा दिलासा गावाला त्या धान्यात मिळत असे.

पिकाला छप्पर नसते, घराला असते. देशावर कोरड्या मुलखात धाब्याचे किंवा माळवदाचे घर असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. गार त्या मातीत रुतून बसे, फार तर खळगा पडे. गारेपुरते बोलायचे तर याहून भक्कम छप्पर नाही. पुण्यापासून पश्चिमेला मावळात मात्र पाऊस मातीला टिकू देत नाही. तेथे उतरते छप्पर हवे, आणि उतरत्या छपरावर गवत नको असेल तर कौल हवे.

हे कौल म्हणजे कुंभाराने घडवलेले नळीचे कौल. चाकावर मातीची निमुळती नळी उभी करायची, ती उभी चिरून दोन अर्धे करायचे आणि भट्टीत भाजायचे. पुण्याच्या कसबा पेठेतला कुंभारवाडा प्रसिद्धच आहे. ही कौले रिपांवर दुहेरी घालतात. एक ओळ उताणी, तिचे पन्हळ होते. दुसरी ओळ पालथी, ती दोन पन्हळांमधली फट झाकते. गार आदळते ती बहुधा वरच्या पालथ्या कौलावर. ते फुटले तरी खालचे पन्हळ पुष्कळसे पाणी वाहून नेते. शिवाय कौल फुटते ते एकटे फुटते. शेजारच्याला सोबत नेत नाही. सुखवस्तू वाड्यांत छताला आतून लाकडी तक्तपोशी असे आणि साध्या घरांत कौलांखाली बांबूच्या कामट्या. फुटलेला तुकडा त्यावर अडे; पाळण्यातल्या मुलावर पडत नसे.

पण या व्यवस्थेतला मुख्य आधार कौल नव्हते, रिपाही नव्हत्या. दरवर्षी कौले चाळायला येणारा माणूस हा तिचा खरा आधार. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी छपरावर चढून कौले उतरवायची, साठलेला पालापाचोळा काढायचा, फुटकी वेगळी करून नवी बसवायची, असा वर्षाचा नेम असे. आता गारेचा हंगाम आठवा. आपल्याकडे गार पडते ती मुख्यतः फाल्गुनापासून वैशाखापर्यंत; मोसमी पाऊस स्थिरावला की ती थांबते. म्हणजे वळवाने मोडायचे आणि मृगाआधी माणसाने जोडायचे, असा हा मेळ होता. कौल गारेपुढे टिकत नसे, पण कौलारू घर टिकत असे. ही दोन वाक्ये एकच नव्हेत, आणि पुढचा सारा इतिहास त्यांच्यामधल्या फरकाचा आहे.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, मंगळूरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्यामागे गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन कारागिराचे प्रयोग होते. एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाची कल्पना त्याआधी, १८४१ साली, फ्रान्सच्या आल्सेस प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी काढली होती. नेत्रावतीच्या काठच्या चिकणमातीत ती येथे उतरली. हेच आपले मंगलोरी कौल. यंत्रात दाबलेले, एकसारखे, खाचेत खाच बसणारे. शंभर चौरस फुटांना नळीच्या कौलांचा ढीग लागे, तेथे मंगलोरी दीडशेच्या आसपास पुरू लागली. रेल्वेच्या इमारती, शाळा, बंगले, चाळी यांवर ती चढली आणि पुण्याच्या छपरांचा रंगच पालटला. पण एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहिले नाही. नळीचे कौल दुहेरी होते. मंगलोरी एकेरी आहे. ते जाड आणि कणखर असले तरी मोठ्या गारेने फुटले, तर त्याच्याखाली दुसरे पन्हळ नाही. म्हणून कारखान्यांनी छताची निराळी कौलेही काढली. ती रिपांवर आधी बसवायची आणि वर मंगलोरी घालायची. ज्यांनी हा जादा खर्च केला त्यांची घरे गारेतही निर्धास्त राहिली. बहुतेकांनी तो वाचवला.

पत्र्याची कथा लंडनच्या गोदीत सुरू होते. तेथील इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली लोखंडी पत्र्याला नळ्यांसारख्या वळ्या पाडण्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा हाताने वाकतो. वळ्या पाडल्या की तोच पत्रा स्वतःचे वजन पेलून उभा राहतो. गंजाचा प्रश्न होता, तो १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेलने सोडवला. त्याने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. आता छप्पर जहाजात रचून कोठेही नेता येऊ लागले. शंभर चौरस फुटांची मंगलोरी कौले तीन-साडेतीनशे किलो भरतात. तेवढ्याच जागेचा पत्रा पन्नास किलोंच्या आसपास. वासे बारीक चालतात, भिंतीवर भार नाही, आणि दोन माणसे एका दिवसात घर झाकून मोकळी होतात.

पुणेकराने पत्रा फार दिवस गोदामापुरता आणि न्हाणीघरापुरता ठेवला. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही. मी पत्र्याखालच्या वर्गात शिकवले आहे. गार सुरू झाली की शिवाजीमहाराजांची आग्र्याहून सुटका तेथेच थांबवावी लागते. पण मग १२ जुलै १९६१ चा दिवस उगवला. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही; लकडी पूल पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे मातीच्या भिंती विरघळून कोसळले. निराधार झालेल्या कुटुंबांसाठी सरकारने गोखलेनगरसारख्या भागांत निसेन हट उभारले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, मेजर पीटर निसेनने सैनिकांसाठी योजलेली ही अर्ध्या पिंपासारखी पत्र्याची घरे. ज्यांच्या सात पिढ्या कौलाखाली वाढल्या, त्यांनी पत्र्याखाली संसार मांडला. तेव्हा प्रश्न गारेचा नव्हता, उन्हाचाही नव्हता. डोक्यावर लवकर काही हवे होते, आणि ते पत्र्याने दिले.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळून आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. जे छप्पर गारेला सर्वांत भक्कम, तेच भूकंपाला सर्वांत घातक ठरले. वाचलेल्यांपैकी कित्येकांना नंतर जड छताखाली झोप येईना. त्यांनी पत्र्याचा आसरा घेतला. माणूस छप्पर निवडतो ते पुढच्या संकटासाठी, असे आपण म्हणतो. खरे तर तो मागच्या संकटाला उत्तर देत असतो.

पुढचे संकट मग वेगळ्याच बाजूने येते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात दिवसांमागून दिवस गारपीट झाली. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक या बाजूंचा गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे झोपली. घरांची छपरेही सुटली नाहीत. जाड पत्र्याला गारेने पोचे पडतात, जस्ताचा मुलामा दुखावतो आणि गंजाला वाट मिळते. पण खालचे माणूस सुरक्षित राहते. पातळ, गंजलेल्या पत्र्याला मात्र भोकही पडते. सिमेंटचे पत्रे ठिसूळ, ते तडकतात. त्यांत अॅस्बेस्टॉसचा धागा असेल तर फुटलेल्या पत्र्याची धूळ फुफ्फुसाला घातक. आणि गार एकटी येत नाही, वाऱ्याला घेऊन येते. कौल जड असल्याने बहुधा जागच्या जागी राहते. पत्रा हलका, त्याच्याखाली वारा शिरला की तो उचलतो. गावोगाव पत्र्यांवर ठेवलेले दगड आपण पाहतो. त्यांचा भरवसा वारा नसेपर्यंतच. वादळात पत्रा उडतो आणि दगड घरात पडतो. गारेने जे साधत नाही, ते घरधन्याने स्वतःच वर नेऊन ठेवलेले असते.

मग कौल कोणाला द्यायचा? नुसत्या गारेच्या परीक्षेत जाड पत्रा पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो दगडांनी दाबलेला नको, हूकबोल्टांनी वाशाला जखडलेला हवा. बोल्ट वळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगटात नको. आणि कडेला, वळचणीला, आढ्याशी बोल्ट दाट हवेत, कारण वारा तेथेच बोटे घालतो. खाली लाकडाचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत असेल तर ऊन आणि आवाज दोन्ही निम्मे होतात. ज्याच्या घरी कौले आहेत त्याने ती उतरवण्याची घाई करू नये. खाली तक्तपोशी किंवा छताची कौले असतील, पाच-पंचवीस जादा कौले परसात रचून ठेवलेली असतील आणि वर्षातून एकदा कोणी वर चढणार असेल, तर ते छप्पर नातवापर्यंत पोचेल.

अडचण आहे ती या शेवटच्या अटीची. मंगळूरकडचे बरेच कारखाने बंद पडले, कौले चाळणारी माणसे वयस्क झाली आणि त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. कोकणात माकडांच्या उड्यांनी कौले फुटू लागली, ती बसवायला माणूस मिळेना, म्हणून तेथेही पत्रे आले. पत्र्याने कौलाला हरवले ते बळाने नव्हे. कौल दरवर्षी माणूस मागत होते, आणि पत्रा काही मागणार नाही असे आपल्याला वाटले. तो समज पुरता खरा नाही. बोल्टखालची वायसर सुकते, मुलामा उडतो, गंज पोखरतो. पत्राही डोळे मागतोच, फक्त उशिरा आणि न बोलता मागतो.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाणी जात नाही हे खरे. पण नजर जाऊ शकते. यंदा आकाशकंदील टांगण्यासाठी घराघरांतून कोणी ना कोणी शिडीवर चढेलच. त्याने दोरी बांधून झाल्यावर लगेच खाली उतरू नये. उजेड आहे तोवर आढ्यापर्यंत एकवार पाहून घ्यावे. गारेला अजून चार महिने अवकाश आहे.