शुगा

(९ मार्च १९९३– ). दक्षिण कोरियन रॅपर, गीतकार व संगीतनिर्माता. बीटीएस या सात जणांच्या गटाचा सदस्य. मूळ नाव मिन युन-गी. जन्म देगू येथे. शालेय वयातच तो ‘ग्लॉस’ नावाने तेथील हिप-हॉप वर्तुळात गाणी रचू लागला. २०१० मध्ये चाचणी देऊन सोलच्या बिग हिट कंपनीत दाखल. १३ जून २०१३ रोजी गटाचे पदार्पण.

गटात आरएम व जे-होप यांच्याबरोबर रॅपची बाजू तो सांभाळतो. ‘फर्स्ट लव्ह’ (२०१६) हे लहानपणीच्या पियानोविषयीचे त्याचे एकल गीत गटाच्याच अल्बममध्ये आहे. इतर गायकांसाठीही त्याने संगीत केले : आययू (‘एट’, २०२०), साय (‘दॅट दॅट’, २०२२).

स्वतंत्र रचना तो ‘अगस्ट डी’ या नावाने करतो. त्या नावाचे पहिले मिक्सटेप २०१६ मध्ये विनामूल्य प्रसृत झाले. नैराश्य व समाजभय यांचा त्यात उघड उच्चार आहे. गटाच्या गाण्यांत इतकी मोकळीक क्वचितच आढळते. ‘डी-२’ (२०२०) या मिक्सटेपमधील ‘देच्वीता’ हे गीत संगीताच्या अभ्यासकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. देच्वीता म्हणजे कोरियाच्या जोसॉन राजवटीच्या काळात राजाच्या स्वारीपुढे व लष्करी संचलनात वाजणारे संगीत. त्यात चाल फक्त तेप्योंगसो हे सनईच्या कुळातील वाद्य वाजवते. नाबाल हा लांब कर्णा व नागाक हा शंख आळीपाळीने एकेकच स्वर धरतात. बाकी साथ ढोल, झांजा व जिंग या घंटेची. सुरुवातीला वाद्यपथकाचा प्रमुख वादनाचा हुकूम पुकारतो. गीतात ही पुकार आणि तेप्योंगसोची धून दोन्ही घेतली असून त्यांवर ट्रॅप या हिप-हॉप प्रकाराचा ठेका चढवला आहे. परंपरा येथे सजावटीपुरती न राहता रचनेचा पाया झाली आहे. ‘डी-डे’ (२०२३) मधील ‘हेगुम’ या गीतात त्याच नावाच्या दोन तारांच्या वाद्याचा वापर आहे. याच अल्बममधील ‘स्नूझ’ मध्ये जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतो यांचा सहभाग असून ते त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले. ‘डी-डे’ अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

सक्तीची राष्ट्रसेवा : सप्टेंबर २०२३ ते जून २०२५.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या उपचारकेंद्रासाठी त्याने सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयाला ५ अब्ज वॉन दिले. केंद्राला त्याचेच मूळ नाव आहे.