गाळलेली जागा आणि अध्याहार : पूर्तिचाचणीच्या इतिहासातील एक प्रश्न

वाक्यातील एखादा शब्द गाळावा आणि उरलेल्या शब्दांच्या आधारे वाचकाने तो भरावा, ही परीक्षापद्धती सर्वपरिचित आहे. ‘गाळलेल्या जागा भरा’ या साध्या सूचनेमागे मात्र अर्थविचारातील एक जुना वाद उभा आहे. संदर्भ जे सुचवतो तो नेमका शब्द, की केवळ अर्थ?

या पद्धतीचा आधुनिक आरंभ जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्यापाशी जातो. ब्रेस्लाऊ येथील शाळकरी मुलांना सलग तासांमुळे येणारा बौद्धिक थकवा तपासण्याच्या निमित्ताने त्यांनी शब्द व अक्षरे गाळलेले उतारे योजले आणि १८९७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत विल्सन टेलर यांनी तिला ‘क्लोझ’ हे नाव दिले. अपूर्ण आकृती मन पूर्ण करून पाहते, या समष्टिवादी मानसशास्त्राच्या सिद्धान्तावरून ते घेतलेले आहे. टेलर यांना वाचकाची नव्हे, तर उताऱ्याची सुगमता मोजायची होती. गर्ट्रूड स्टाइन यांचे गद्य शब्दांची व वाक्यांची लांबी मोजणाऱ्या सूत्राला सोपे वाटले. गाळलेले शब्द भरताना मात्र वाचक अडखळले. साहित्याभ्यासकांनी ही नोंद अवश्य लक्षात घ्यावी.

गुणदानासाठी टेलर यांनी मूळ लेखकाचाच शब्द ग्राह्य धरला. समानार्थी शब्दांना गुण देऊनही मापन अधिक अचूक होत नाही, हे त्यांचे निरीक्षण होते. १९७०च्या दशकात ही चाचणी द्वितीय भाषेच्या परीक्षणासाठी रूढ होऊ लागली, तेव्हा संदर्भात बसणारा कोणताही शब्द स्वीकारावा, हा पक्ष पुढे आला.

मीमांसकांच्या अध्याहारविचारात नेमके हेच दोन पक्ष आढळतात. कोणी केवळ ‘दार’ एवढेच म्हटले असता श्रोता ‘लाव’ हे क्रियापद मनात आणतो. भाट्ट मतानुसार येथे शब्दाचाच अध्याहार होतो. प्राभाकर मतानुसार अर्थाचा अध्याहार पुरेसा असतो. टेलर यांचे गुणदान फलतः पहिल्या पक्षाचे, तर त्यांच्या उत्तरकालीन टीकाकारांचे दुसऱ्या पक्षाचे ठरते. अर्थात, मीमांसकांपुढे वाक्यार्थबोधाचा प्रश्न होता, गुणांचा नव्हे.

‘पाऊस लांबल्याने विहिरी आटल्या, वडाची पाने मात्र... होती’ हे वाक्य घेऊ. ‘मात्र’ या अव्ययाने विरोध सूचित होतो. त्यामुळे ‘सुकलेली’ हा शब्द बाद होतो. परंतु ‘हिरवीगार’, ‘टवटवीत’ आणि ‘तजेलदार’ यांच्यात निवड करण्यास संदर्भ असमर्थ आहे. तो अर्थाचे क्षेत्र आखतो, शब्द नेमून देत नाही.

बहुपर्यायी प्रश्नाने ही अडचण वेगळ्या मार्गाने टाळली. चार पर्याय समोर ठेवले की पुरवण्याचे काम संपते आणि निवडण्याचे उरते. ही क्रिया अध्याहारापेक्षा भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त सांगितलेल्या अर्थनिर्णयाच्या अधिक जवळची आहे. संयोग, साहचर्य, विरोधिता, प्रकरण, औचित्य, देश, काल इत्यादी साधनांनी अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ निश्चित होतो, असे तेथे प्रतिपादन आहे. भेद इतकाच की तेथे शब्द एक व अर्थ अनेक असतात; परीक्षेत अपेक्षित अर्थ एक व शब्द अनेक असतात.

अमेरिकेतील ‘सॅट’ परीक्षेतून वाक्यपूर्तीचे प्रश्न २०१६ मध्ये वगळले गेले. २०२३-२४ मध्ये आलेल्या संगणकीय आवृत्तीत गाळलेली जागा छोट्या उताऱ्यासह परतली. संदर्भ अधिक मिळाला, परंतु तो वापरला जातोच असे नाही. वाक्यांचा क्रम विस्कटूनही क्लोझ चाचणीतील गुण फारसे बदलत नाहीत, असे शानाहन, कामिल व टोबिन यांनी १९८२ मध्येच दाखवले होते.

परभाषेतून परीक्षा देणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद केवळ तात्त्विक नाही. त्याला अर्थ गवसलेला असतो. त्या भाषेत रूढ असलेला शब्द तेवढा हाताशी नसतो. शब्दाध्याहाराचा निकष लावला तर तो अनुत्तीर्ण होतो, अर्थाध्याहाराचा लावला तर उत्तीर्ण. निकषाची ही निवड आकलनाविषयीची एक भूमिकाच असते. आणि ती बहुधा प्रश्नपत्रिकेत कोठेही नमूद केलेली नसते.