आठवण कुठून आली?

पोळ्याच्या पाडव्याला वडिलांच्या खांद्यावर बसून मी नागपुरातली पिवळ्या मारबतीची मिरवणूक पाहिली, हे मी कितीतरी वर्षं सांगत आलो. त्या वर्षी मी कांजण्यांनी घरात पडलो होतो आणि खांद्यावर धाकटा भाऊ होता, असं आईने एकदा सहज सांगितलं. तरीही ती मिरवणूक मला आजही वरूनच दिसते. हे पुस्तक त्या ‘तरीही’बद्दल आहे.

‘खोटी आठवण’ हा शब्द तसा अन्यायाचाच. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. इथे ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नागपूरकरांना या विषयाची वेस घरापाशीच लागते. १९७४ साली नागपूर विद्यापीठात शिकवणाऱ्या एक मराठी बाई बंगाली बोलू लागल्या. त्या अवस्थेत त्या स्वतःला शारदा म्हणवत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालमधलं आपलं घर-सासर सांगत आणि मराठी त्यांना कळत नसे. पुनर्जन्माच्या दाव्यांचे अभ्यासक आयन स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. पुनर्जन्माची चर्चा देशाबाहेर गेली. पण बाईंनी बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरं वाचली होती, बंगाली लिपीशी त्यांची थोडी ओळख होती, हेही नोंदलेलं आहे. शिवाय बंगाल-नागपूर रेल्वेच्या या शहरात बंगाली कुटुंबं कधीच नवलाची नव्हती. मला यात पुनर्जन्म दिसत नाही, लबाडी तर मुळीच नाही. वाचलेलं-ऐकलेलं मनात उरतं, ते कुठून आलं हे मात्र पुसलं जातं. मग ते ‘माझंच’ वाटतं. अर्थात इतकं सफाईदार बोलणं एवढ्याने उलगडतं, असंही मी म्हणणार नाही.

योगायोग असा, की त्याच १९७४मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रातले संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ वेग किती होता असं विचारलं, काहींना ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’. आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्याचं पहिल्या गटातल्या ५०पैकी ७ जणांनी सांगितलं, दुसऱ्यातल्या ५०पैकी १६ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! सरतपासणीत सूचक प्रश्नांना आडकाठी घालणाऱ्या १८७२च्या पुरावा कायद्याला हा धोका शंभर वर्षं आधीच जाणवला होता. घरात मात्र असा कायदा नसतो. तिथे आत्या-मावश्याच आपल्याला आपलं बारसं ‘आठवून’ देतात.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकांनी लहानपणचा एक प्रसंग कागदावर लिहावा आणि भावंडांनाही तोच वेगळा लिहायला सांगावं. कागद जुळले नाहीत तर भांडू नका. पुस्तक संपेपर्यंत ते सगळे जपून ठेवा.