बायबलमधील वंशावळी

बायबलमधील वंशावळी : पिढ्यानुपिढ्यांच्या नामावळ्या. त्या मुख्यतः उत्पत्ती, १ इतिहास, मत्तय व लूक या पुस्तकांत आढळतात. मत्तयाने अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास आणि तेथून ख्रिस्त असे १४-१४ पिढ्यांचे तीन टप्पे मांडले. लूक ख्रिस्तापासून मागे आदामापर्यंत जातो. मत्तयाच्या यादीत तामार, राहाब, मवाबी रूथ व उरीयाची पत्नी यांनाही मानाचे स्थान आहे. राजा यखन्या बंदिवासात गेला, तरी त्याचा नातू जरुब्बाबेल मायदेशी परतणाऱ्यांचा पुढारी झाला. माणसे चुकली, राज्य बुडाले, तरी देवाने वचन मोडले नाही, हे या नावांचे सार होय.