जुनी सॉफ्टवेअर, ग्रिडवरील

एकाच यंत्रासाठी लिहिलेले जुने सॉफ्टवेअर ठिकठिकाणच्या, जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर, म्हणजे ग्रिडवर, चालवण्याची पद्धत. भारतात असे राष्ट्रीय ग्रिड, 'गरुड', पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने (स्थापना १९८८) उभारले. हवामान, रेणूरचना यांची कित्येक गणिते फोरट्रान या संगणकभाषेत आहेत. वर्षानुवर्षे पडताळलेला तो कोड नव्याने लिहिणे धोक्याचे. म्हणून कोडला हात न लावता त्याभोवती वेष्टन रचतात : ते इनपुट फायली पाठवते, मोकळ्या संगणकावर काम लावते, उत्तरे परत आणते. खरी अडचण बारीकसारीक गोष्टींत असते. प्रोग्रॅममध्येच फाइलीचा पत्ता पक्का लिहिलेला असला किंवा जुनी लायब्ररी पलीकडच्या यंत्रावर नसली, की काम सुरू होताच बंद पडते. सुट्या सुट्या हजारो गणितांना ग्रिड उत्तम मानवते. सतत एकमेकांशी देवाणघेवाण करणाऱ्या प्रक्रियांना मात्र 'परम'सारखा महासंगणकच हवा.