पुसलेले लग्न आणि न विसरणारा वाचक

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा वाचक आणि पुस्तकरूपाने कादंबरी वाचणारा वाचक यांत एक मूलभूत फरक असतो. दुसऱ्यासमोर कथा पूर्ण होऊन आलेली असते. पहिला मात्र कथेबरोबर स्वतःही वयाने वाढत असतो. अशा वाचकाने मालिका वाचणे सोडले, की 'कथानक आवडले नाही' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण तो नेमका कशामुळे दुखावतो? अमेरिकेतील 'स्पायडरमॅन' या चित्रकथेच्या इतिहासात या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांला दिसले, ते येथे मांडत आहोत.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा पीटर पार्कर १९६२ साली वाचकांसमोर आला. जून १९७३ च्या, म्हणजे मालिकेच्या १२१व्या अंकात लेखक गेरी कॉनवे यांनी पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला मृत्यू दिला. खलनायक तिला पुलावरून खाली लोटतो. पीटर जाळे फेकून तिला अडवतो, पण वर येते ते तिचे प्रेत. तिची मान त्याच्याच जाळ्याच्या हिसक्याने मोडली असावी, ही सूचना तर अधिकच असह्य होती. वाचकांनी संतप्त पत्रे लिहिली. तरीही पुढे हीच कथा मालिकेतील श्रेष्ठ कथांमध्ये गणली जाऊ लागली. ग्वेनचा मृत्यू पीटरला आठवत राहिला, तसाच तो वाचकालाही आठवत राहिला. दोघांचे दुःख एक होते, आणि त्या दुःखाने त्यांचे नाते तुटण्याऐवजी घट्टच झाले.

१९९४ ते १९९६ या काळातील तथाकथित 'क्लोन' प्रकरण वेगळ्या जातीचे होते. १९७५ च्या सुमाराच्या एका कथेत पीटरची हुबेहूब प्रतिकृती निर्माण झाली होती व ती मेली, असे दाखवले गेले होते. आता मालिकेने सांगितले की ती प्रतिकृती जिवंत आहे. इतकेच नव्हे, तर तीच खरा पीटर आहे, आणि वाचकांनी वीस वर्षे ज्याच्यावर जीव लावला तोच प्रतिकृती आहे. यामागे विवाहित नायकाच्या जागी पुन्हा एकटा, तरुण नायक आणण्याचा हेतू होता. येथे मुद्दा कोणाच्या मृत्यूचा नव्हता. पण वाचकाची वीस वर्षे खोटी ठरवली गेली होती. विरोध इतका झाला की १९९६ च्या अखेरीस संपादकांना सारे फिरवावे लागले आणि जुना पीटरच खरा ठरला.

मूळ अडचण सुटली नव्हती. पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न १९८७ च्या वार्षिकांकात झाले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर स्टॅन ली यांच्या पौरोहित्याखाली या विवाहाचा जाहीर सोहळाही झाला होता. विवाहित नायक वयस्क भासतो आणि घटस्फोटित नायक त्याहून वयस्क, असे मुख्य संपादक जो केसाडा यांचे मत होते. तेव्हा २००७ साली 'वन मोअर डे' या चार अंकांच्या कथेत तोडगा निघाला. गोळी लागून मरणपंथाला लागलेल्या मे काकूच्या प्राणांच्या बदल्यात मेफिस्टो नावाचा सैतान या दांपत्याकडे त्यांचे लग्न मागतो, आणि ती दोघे ते देतात. लग्न मोडत नाही. ते कधी झालेच नव्हते असे होते. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनीही या शेवटाशी आपला मतभेद जाहीरपणे मांडला.

मेफिस्टो हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला परके नाही. परंतु फाउस्ट जेव्हा सैतानाशी करार करतो, तेव्हा आपण काय गहाण टाकले हे त्याला ठाऊक असते. त्या जाणिवेतच त्याची शोकांतिका आहे. येथे करार करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच आठवत नाही. पीटर विसरला, मेरी जेन विसरली, त्यांचे सारे जग विसरले. आठवण उरली ती केवळ वाचकाकडे. १९७३ साली नायक आणि वाचक एकत्र रडले होते. २००७ साली वाचक एकटा पडला.

त्याच्या हाती काय होते? अमेरिकेत चित्रकथांची बरीच विक्री खास दुकानांतून होते. ग्राहक आपल्या नेहमीच्या मालिकांची यादी दुकानदाराकडे देऊन ठेवतो, तो त्या अंदाजाने आगाऊ मागणी नोंदवतो, आणि न खपलेले अंक त्याला सहसा परत करता येत नाहीत. त्या यादीतून एक नाव खोडणे हीच वाचकाची टीका. अनेकांनी ते नाव खोडले आणि तसे जाहीरही केले. मालिका बंद पडली नाही, हेही नमूद केले पाहिजे. उलट ती महिन्यातून तीनदा निघू लागली आणि तिला नवे वाचक मिळाले. तेव्हा बहिष्कार यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही.

पण पुढचा इतिहास बोलका आहे. २००९ साली स्टॅन ली यांच्या नावाने निघणाऱ्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेतही लग्न पुसले गेले. वाचकांच्या नाराजीनंतर काही महिन्यांतच ते सारे स्वप्न होते असे सांगून ते परत आणले गेले. आणि २०२४ साली जोनाथन हिकमन यांनी एका पर्यायी विश्वातील, संसारी आणि दोन मुलांचा बाप असलेला पीटर आणला, तेव्हा पहिल्या अंकाचे पुनर्मुद्रण अनेकदा करावे लागले.

पात्रांवर कायद्याने प्रकाशकाचा हक्क असतो, यात वाद नाही. त्यांचे भविष्यही त्याने हवे तसे लिहावे. त्यातले मृत्यू आणि वियोग वाचक सोसत आला आहे. भूतकाळ मात्र एकदा वाचला गेला की तो एकट्या लेखकाचा राहत नाही. ज्याने तो महिन्यामागून महिना वाचला, त्याच्याही आयुष्याचा तो भाग झालेला असतो. यादीतून नाव खोडणारा वाचक कथेला कंटाळलेला नसतो; आपण वाचलेले घडलेच नव्हते, हे मानायला तो नकार देत असतो.